‘दुर्लक्ष करा’ म्हणून भीती जात नाही

महोदय,

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास, वृत्तपत्रांतून ऑफिसातल्या ताणावर लेख येतात. २०२४ साली तर त्या दिवसाचा विषयच ‘कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य’ हा होता. या लेखांत त्रास देणाऱ्या सहकाऱ्याचा परिच्छेद हमखास असतो आणि त्याचा शेवटही ठरलेला असतो: अशा व्यक्तीकडे दुर्लक्ष करा, सकारात्मक राहा. घरची मंडळीही तेच सांगतात, ‘अगं, तू लक्षच देऊ नकोस.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो. पण ऑफिसचा जिना चढतानाच ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला तो अपायच करतो. असे का होते आणि त्याऐवजी नेमके काय करायचे, हे एकदा सविस्तर छापून यावे म्हणून हे पत्र. समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न रोज समोर असतो, त्यामुळे ते लांबले आहे.

दुर्लक्ष करायचे ठरवलेला माणूस प्रत्यक्षात टाळू लागतो. समजा, लेखा शाखेत पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम चारचौघांत टोमणे मारतात. त्या लिफ्टपाशी दिसल्या की जिना धरला जातो. अकराचा चहा साडेअकरावर जातो. त्यांच्याकडची फाइल स्वतः न आणता शिपायाला धाडले जाते. बैठकीत त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाही अशी खुर्ची शोधली जाते. प्रत्येक वेळी ‘सुटलो’ असे वाटते आणि ही सुटकाच घात करते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो की टाळले म्हणून वाचलो, म्हणजे धोका खरा होता. पुढच्या वेळी तो आणखी मोठा वाटतो. एका टेबलापुरती असलेली धडधड काही महिन्यांत सगळ्या शाखेची होते, मग बैठकीची, मग रविवारच्या संध्याकाळची. टाळण्याचे काही प्रकार ओळखूही येत नाहीत: तीन ओळींची मेल दहा वेळा वाचून पाठवणे, ‘त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?’ असे दोघातिघांना विचारत राहणे, काहीही बोलण्याआधी ‘सॉरी’ म्हणणे. यांनीही घटकाभर बरे वाटते आणि भीती जागेवरच राहते.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. कामाचे पाच दिवस, एक छोटी वही, पाच रकाने: वेळ, नेमके काय घडले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, मी काय केले, आणि धास्ती ० ते १० मध्ये किती, त्या वेळी आणि अर्ध्या तासाने. नोंद अर्ध्या तासाच्या आत करावी. रात्री घरी बसून लिहिली की दिवसभराचा राग तिच्यात उतरतो. बहुतेकांची चूक दुसऱ्या रकान्यात होते. ‘मॅडम नेहमीप्रमाणे टोचून बोलल्या’ ही नोंद नव्हे. ‘११.२०, जोशीसाहेबांच्या टेबलापाशी, तिघांसमोर म्हणाल्या: तुम्हाला साधी बेरीजही जमत नाही का’ ही नोंद. ऑफिसच्या संगणकावर हे लिहू नये.

आठवड्याच्या शेवटी वही वाचली की सहसा दोन गोष्टी दिसतात. एक, सगळा त्रास दोन-तीन ठरावीक प्रसंगांतून येतो; बाकी दिवस बरा असतो. दुसरी, ती व्यक्ती समोर असण्याची मिनिटे थोडी असतात आणि त्याआधीची धास्ती व नंतरचे उगाळणे यांत तास जातात. उपाय या दोन्हींवर वेगवेगळे करावे लागतात.

वही वाचताना आणखी एक गोष्ट तपासावी: भांडण माणसाशी आहे की कामाच्या वाटणीशी? एकच काम दोघांना अर्धवट सांगितलेले असते, कोणी कोणाला विचारायचे ते ठरलेले नसते, आणि वर्षभराने दोघांनाही समोरचा खवचट वाटू लागतो. अशा वेळी वरिष्ठांकडून एका पानावर कामाची वाटणी लिहून घेतली, म्हणजे कोणते काम कोणाचे, कोणत्या तारखेला आणि रजेच्या दिवशी कोण, तर निम्मी धुसफूस थांबते. हे पान मागायला धैर्य फारसे लागत नाही. त्यामुळे पहिले पाऊल म्हणून ते फार चांगले.

आता शरीराकडे. छातीतली धडधड, तोंडाला कोरड, तळहाताला घाम ही शरीराने पळायची किंवा लढायची केलेली तयारी आहे. ती बोलण्याने थांबत नाही, पण श्वासाने उतरते. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास, अशी पाच मिनिटे. सोडणे घेण्यापेक्षा लांब, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. ‘करून पाहिले, उपयोग नाही’ म्हणणारे दोन ठिकाणी चुकलेले असतात. पहिले म्हणजे ते हा प्रयोग थेट भांडणाच्या क्षणी करतात. त्याआधी दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, शांत असताना सराव हवा. पोहणे पुरात शिकता येत नाही. दुसरे म्हणजे ‘दीर्घ श्वास घ्या’ ऐकून ते छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणे वाढते. श्वास सावकाश हवा, मोठा नको.

ऑफिसातल्या चहाचाही हिशेब करावा. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दिवसाचे पाच-सहा कप, त्यातला एक उपाशीपोटी बैठकीआधी आणि शेवटचा संध्याकाळी सहाला, असे असेल तर धडधडीचा काही भाग कपातूनच येतो आणि रात्रीची झोपही जाते. चहा एकदम तोडू नये, डोके दुखते. दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत दोनवर यावे आणि दुपारी तीननंतर घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. टाळण्याने वाढलेली भीती सामोरे गेल्यानेच उतरते. पण हे सामोरे जाणे पायरी-पायरीने हवे. एका कागदावर आठ-दहा प्रसंग लिहावेत, प्रत्येकाला धास्तीचे गुण द्यावेत आणि चढत्या क्रमाने लावावेत. वरच्या उदाहरणात पायऱ्या आणि पुढे त्यांचे गुण असे असतील: सकाळी थांबून, नजर देऊन ‘नमस्कार मॅडम’ म्हणणे, ३ गुण. डब्याच्या वेळी त्याच टेबलावर दहा मिनिटे बसणे, ४. फाइल स्वतः त्यांच्या टेबलापाशी जाऊन मागणे, ५. कामाचा एक प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहणे, ६. बैठकीत त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून एक मुद्दा मांडणे, ७. टोमणा आला की एक ठरलेले वाक्य बोलणे, ८. बंद खोलीत त्या टोमण्यांविषयी त्यांच्याशीच बोलणे, ९. एक पायरी तीन ते पाच वेळा करावी. धास्ती निम्म्यावर आली, किंवा ती असूनही काम होते असे कळले, की पुढची पायरी.

इथे गोष्टी बिघडतात त्या अशा. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी नऊ गुणांची पायरी घेतली जाते, तोंडघशी पडायला होते आणि माणूस पहिल्यापेक्षा जास्त टाळू लागतो. किंवा पायरी कुबडीसह केली जाते: हातात मोबाइल, सोबत मैत्रीण, नजर जमिनीवर. मग यशाचे श्रेय कुबडीला जाते. तिसरी चूक म्हणजे धास्ती शिगेला असताना निघून येणे. ती त्या उंचीवर फार वेळ टिकत नाही; थांबले तर उतरते, आणि ती उतरताना अनुभवणे हाच खरा उपचार आहे. आणखी एक सांगायला हवे: समोरची व्यक्ती सुधारेल याची हमी या शिडीत नाही. त्या टोमणे मारतच राहतील कदाचित. आपले हातपाय गळणार नाहीत, एवढे मात्र साधते आणि ते फार मोठे आहे.

शिडी सगळ्यांसाठी नाही. धमकी, अंगचटीला येणे, लैंगिक बोलणे, जातीवरून अपमान, धक्काबुक्की या ठिकाणी भीती बरोबर असते; तिची सवय करून घ्यायची नसते. तिथे तक्रारच. त्याकडे पुढे येतो.

टोमण्यावर बोलायच्या त्या ठरलेल्या वाक्याबद्दल थोडे. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत कारण घाबरलेला मेंदू नवी वाक्ये रचत नाही. म्हणून ती आधी रचून, मोठ्याने किमान दहा वेळा म्हणून, तोंडात बसवावी लागतात. चारचौघांत टोमणा आला तर: ‘चूक कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता दुरुस्त करते.’ बोलताना तोडले तर: ‘माझं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तुमचं ऐकतो.’ आवाज चढला तर: ‘मी पंधरा मिनिटांनी येतो, मग बसून बोलू’, आणि पंधराव्या मिनिटाला खरोखर जायचे; नाही गेले तर तेही टाळणेच झाले. संध्याकाळी पाचला स्वतःचे काम आपल्या टेबलावर ढकलले तर: ‘हे आज घेतलं तर साहेबांचं विवरणपत्र उद्यावर जाईल. कोणतं आधी हवं ते साहेबांना विचारून घेऊ.’ ही वाक्ये छोटी आहेत, कारण लांबलेले स्पष्टीकरण वादाला आमंत्रण देते. सुरुवातीला ‘सॉरी’ नको, शेवटी ‘राग मानू नका’ नको, आणि ‘तुम्ही नेहमीच’ हे शब्द तर कधीच नकोत, कारण मग चर्चा ‘नेहमी’वर घसरते. आपल्याकडे समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल तर ठाम बोलणे उर्मटपणा वाटतो. पण ‘मॅडम, हे सर्वांसमोर नको, आपण आत बसून बोलूया का?’ या वाक्यात मान आहे आणि मर्यादाही आहे. अहो-जाहो ठेवूनच नाही म्हणता येते.

बंद खोलीतल्या बोलण्यासाठी वीस मिनिटे मागून घ्यावीत. भांडणाच्या दिवशी नको आणि शुक्रवारी सुटताना नको. बोलण्याचे भाग तीन: घटना, कामावरचा परिणाम, विनंती. ‘मंगळवारी आणि गुरुवारी माझ्या चुका तुम्ही सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. त्यानंतर मी तुमच्याकडे शंका विचारायला येणं बंद केलं आणि त्यामुळे ताळेबंद दोन दिवस अडकला. यापुढे चूक दिसली तर मला टेबलापाशी बोलावून सांगा.’ एवढे बोलून गप्प बसायचे. शांतता अवघड जाते; ती भरून काढायला आपणच माघारीची वाक्ये बोलू लागतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यातले काहीही लिहू नये. तिथे प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांसमोर कोणी मागे हटत नाही.

बोलूनही फरक पडला नाही तर लेखी मार्ग. प्रत्येक महत्त्वाच्या बोलण्यानंतर त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल करावी: काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. आपल्या कामाचे श्रेय दुसरे कोणी घेत असेल तर बैठकीच्या आदल्या दिवशीच ते काम वरिष्ठांना आपल्या नावाने पाठवावे. बैठकीत वाद घालण्यापेक्षा हे सोपे आणि परिणामकारक आहे. सरकारी कार्यालयात अर्ज दिला की आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज पुढे ‘मिळालाच नाही’ असा होतो.

तक्रार एका पानाची असावी. तीन ते पाच घटना, प्रत्येकीची तारीख, वेळ, बोललेले शब्द, हजर असलेली माणसे, कामाचे झालेले नुकसान आणि शेवटी नेमकी मागणी: बसण्याची जागा बदलणे, कामाचे आदेश मेलवर देणे, कामाचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणे. पाच वर्षांची सगळी गाऱ्हाणी भरली की वाचणाऱ्याला कशावर कारवाई करायची तेच कळत नाही. धास्तीची वही तक्रारीला जोडू नये. तिच्यातून फक्त घटना उतरवून घ्याव्यात. मनातली वाक्ये आपली आणि समुपदेशकाची. तक्रारीत समोरच्याला ‘नार्सिसिस्ट’ किंवा ‘टॉक्सिक’ म्हणणे टाळावे. रील पाहून ही नावे हल्ली सहज चिकटवली जातात. शेजारच्या टेबलावरून कोणाचेही निदान होत नसते, आणि असा एक शब्द आला की मूळ घटना बाजूला राहून त्या शब्दावरच वाद होतो.

कायद्याचे थोडे स्पष्ट सांगायला हवे. नुसत्या टोमण्यांसाठी, कुचंबणेसाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. तिथे सेवानियम आणि कंपनीचे धोरण यांच्यावरच विसंबावे लागते. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा स्त्रियांच्या पाठीशी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान आस्थापनेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली तरतूद: चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्री लेखी विनंती करून स्वतःची किंवा त्या व्यक्तीची बदली, अथवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागू शकते. रोज त्याच माणसासमोर बसून चौकशीला तोंड देण्याची सक्ती नाही.

घरचे तास राहिले. उगाळणे थांबवण्यासाठी ‘विचार करू नका’ म्हणणे व्यर्थ आहे. त्याऐवजी विचारांना वेळ नेमून द्यावा: रोज संध्याकाळी सातला वीस मिनिटे, खुर्चीत, कागद-पेन घेऊन. बिछान्यात नाही. दिवसभरात काळजी डोके वर काढील तेव्हा एका शब्दात टिपून ‘सातला’ म्हणून सोडून द्यायची. सातला यादी वाचायची आणि ज्यावर उद्या काही करता येईल तेवढ्याचेच पुढचे पाऊल लिहायचे. पहिला आठवडा हे जमत नाही. दुसऱ्यात जमू लागते. नवऱ्याला किंवा बायकोला रोज तीच हकिकत तासभर सांगण्यालाही मर्यादा हवी. पंधरा मिनिटे ऐकून घेणे हा आधार आहे. त्यापुढे दोघेही त्याच चिखलात रुततात. ऑफिसचा ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट.

हे सगळे दोन महिने नेटाने करूनही धास्ती तशीच असेल, किंवा आधीच झोप, भूक, काम बिघडले असेल, तर तज्ज्ञ गाठावा. ती वेळ आली का हे पाहायला जीएडी-७ नावाची, चिंता मोजणारी सात प्रश्नांची साधी प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांविषयी प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा जास्त आली तर तपासणी करून घ्यावी. ते निदान नव्हे, दार ठोठावण्याचा इशारा आहे. डॉक्टर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, कारण थायरॉइड वाढले किंवा रक्त कमी असले तरी अशीच धडधड होते. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे. शेजारच्याने दिलेली अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता तात्पुरती दाबणारी, गोळी बैठकीआधी घेण्याची पद्धत फार पसरली आहे. ती थांबायलाच हवी: गोळी उतरली की धास्ती परतते, शरीराला तिची सवय लागते, आणि सामोरे जाऊन जे शिकायचे ते शिकणे होत नाही. धडधड थांबवणारे प्रोप्रॅनोलोल दम्याच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. चिंतेवर दीर्घकाळ दिली जाणारी औषधे लागू पडायला काही आठवडे जातात; चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत आणि बरे वाटल्यावर मनानेच बंदही करू नयेत. खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. विमा असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २१व्या कलमाने विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. जगणे नको वाटू लागले असेल तर दोन महिने काय, दोन तासही थांबू नये. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे: १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून.

शाखाधिकारी, मुख्याध्यापक, टीम लीड यांना एक विनंती. दोघांना केबिनमध्ये बोलावून ‘काय ते आपापसात मिटवा, हात मिळवा’ असे करू नका. घाबरलेल्या माणसासाठी तो आणखी एक जाहीर प्रसंग असतो आणि बाहेर आल्यावर त्रास दुपटीने वाढतो. दोघांचे वेगवेगळे ऐका, घटना लिहून घ्या, सात दिवसांत काय करणार ते सांगा आणि सातव्या दिवशी स्वतःहून विचारा. आणि शेजारच्या टेबलांवरच्या मंडळींना: भांडणात पडायची गरज नाही. टोमणा चालू असताना फाइल घेऊन तिथे जावे आणि ‘मॅडम, त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या’ एवढे म्हणावे. हेही जमले नाही तर नंतर चहाला सोबत घेऊन ‘मी ऐकलं, ते बरोबर नव्हतं’ असे सांगावे. ऐकलेले शब्द आणि तारीख टिपून ठेवावी. उद्या साक्षीदार म्हणून नाव आले तर उपयोगी पडते.

यापुढे आपल्या पुरवणीत या विषयावर लेख येईल तेव्हा त्याच्या चौकटीत १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा, ही विनंती.

कळावे,

एक समुपदेशक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)